मोबाईल पहिला की वाचन?

प्रश्न : आमची भांडुपची अनुदानित मराठी माध्यमाची शाळा. यंदा नववीचा पहिल्या सत्राचा निकाल फारच पडला. कारणं शोधायला शिक्षक आणि पालकांची एकत्र बैठक घेतली. संस्थेचे एक विश्वस्तही आले होते. ते सुरुवातीलाच म्हणाले, ‘सगळ्याचं मूळ मोबाईल.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. इतिवृत्तात पहिलं कारण मोबाईल आणि दुसरं पालकांचं दुर्लक्ष, असं लिहून झालं. मला ते पटलेलं नाही, पण बहुमतापुढे काय बोलणार? माजी विद्यार्थ्यांनी थोडे पैसे दिलेत, त्यात एक-दोनच गोष्टी करता येतील. कारणांचा क्रम लावायची काही धड पद्धत आहे का?
– एक मुख्याध्यापिका, भांडुप

उत्तर : बाई, तुमच्या बैठकीत बहुमत झालंच नाही. एक मत झालं आणि बाकीच्यांनी त्याला अनुमोदन दिलं. १९५१ साली सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत लोकांना नुसत्या रेघांची लांबी ओळखायला सांगितली होती. आधी बोलणारे सगळे त्यानंच पढवलेले, ठरवून चुकीचं उत्तर देणारे. खरा माणूस शेवटाकडे बोलायचा. डोळ्यांना नीट दिसत असूनही बऱ्याच जणांनी कधी ना कधी इतरांचीच री ओढली. तिथे तर विश्वस्तही हजर नव्हते.

तेव्हा बैठक पुन्हा घ्या, पण या वेळी पहिली दहा-पंधरा मिनिटं कोणी बोलायचंच नाही. प्रत्येकाला कागद द्या आणि मुलं मागे का पडतात त्याची कारणं आपापली लिहू द्या. मग एकेकाकडून एकेकच कारण घेत फळ्यावर लिहा. चर्चा नाही, टीका नाही, ‘माझं झालं’ म्हणेपर्यंत फेऱ्या चालू. त्यानंतर प्रत्येक कारण म्हणजे नेमकं काय एवढंच विचारून घ्या. शेवटी प्रत्येकानं चिठ्ठीवर आपला क्रम लिहायचा आणि घडी घालून द्यायचा. डेलबेक आणि व्हॅन डी व्हेन या दोघांनी ही रीत १९७१ मध्ये मांडली, व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ती ‘नॉमिनल ग्रुप’ नावानं सापडते. नावाला गट, कारण त्यातला मोठा वेळ माणसं एकेकटीच असतात. विश्वस्तांना जरूर बोलवा, त्यांचीही एक चिठ्ठी.

‘नेमकं काय’ हा टप्पा घाईत उरकू नका. फळ्यावर मोबाईल, रील आणि गेम अशी तीन कारणं वेगळी राहिली, तर एकाच गोष्टीचे गुण तिघांत वाटले जातात. उलट ‘पालकांचं दुर्लक्ष’ या एकाच गोणीत रात्रपाळी, आईचं आजारपण आणि खरंखुरं दुर्लक्ष असं सगळं भरलं, तर ती गोणी फुकट वर चढते. आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. शिक्षकांच्या कागदांवर बहुधा घराबद्दलची कारणं असतात, पालकांच्या कागदांवर शाळेबद्दलची. ‘माझं शिकवणं’ किंवा ‘माझं घर’ असं पहिल्या फेरीत क्वचितच कोणी लिहितं. पुढच्या फेरीत मुद्दाम सांगा, एक कारण स्वतःच्या बाजूचं लिहा.

आता गुण. पाच कारणं असतील तर पहिल्याला ५, दुसऱ्याला ४, असं शेवटच्याला १. सगळ्यांच्या बेरजा करायच्या. ही बेरीज फ्रेंच नौदलातला अधिकारी आणि गणिती ज्याँ-शार्ल द बोर्दा यानं १७७० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. तिच्यात खोट आहे. जो आपल्या पहिल्या पसंतीशी टक्कर देईल त्याला मुद्दाम तळाला टाकलं, की आपलं वर येतं. हे दाखवून दिल्यावर बोर्दा म्हणे म्हणाला, माझी पद्धत प्रामाणिक माणसांसाठी आहे. तुमच्या शाळेत कोणी खुर्चीसाठी उभं नाही, तेव्हा चालून जाईल.

खरी गंमत बेरजेनंतर आहे. समजा, सहा शिक्षक आणि सहा पालक आहेत. आकडे मी बनवलेले आहेत, डोक्यात बसावेत म्हणून जरा टोकाचे. सगळ्या शिक्षकांचा क्रम असा : मोबाईल, वाचन कच्चं, गैरहजेरी, सकाळी उपाशी येणं, घरी अभ्यासाला जागा नाही. सगळ्या पालकांचा असा : जागा नाही, वाचन कच्चं, उपाशी येणं, गैरहजेरी, मोबाईल. बेरीज करा. वाचन ४८, मोबाईल ३६, जागा ३६, गैरहजेरी ३०, उपाशी ३०. वाचन पहिलं आलं, बारापैकी एकानंही ते पहिलं लिहिलेलं नसताना! यात वाईट काही नाही. दोन्ही बाजूंनी दुसऱ्या नंबरावर मान्य केलेली गोष्ट हाती लागली, पैसे खुशाल तिच्यावर घाला.

पण मोबाईल आणि जागा बघा. दोघांचे गुण सारखे, दोघंही मधल्या फळीत. अहवालात लिहिलं जाईल, ‘या घटकांचा प्रभाव मध्यम.’ साफ खोटं. मध्यम असं एकालाही वाटत नाही. अर्ध्यांना ते सगळ्यांत मोठं कारण वाटतं आणि अर्ध्यांना सगळ्यांत किरकोळ. बेरीज भांडण मिटवत नाही, झाकते.

म्हणून चिठ्ठ्या दोन रंगांच्या ठेवा आणि बेरजा आधी वेगवेगळ्या करा. आकड्यात हवं असेल तर केंडॉलचा सहमती गुणांक काढा. मॉरिस केंडॉल आणि बॅबिंग्टन स्मिथ यांनी १९३९ मध्ये दिलेला हा गुणांक ० ते १ मध्ये असतो. सगळ्यांचा क्रम तंतोतंत सारखा असेल तर १. आपल्या उदाहरणात नुसत्या शिक्षकांचा तो १ येतो, नुसत्या पालकांचाही १, आणि बारा जणांचा मिळून ०.१५. शाळेतल्या गणिताच्या सरांना सांगा, वहीत अर्ध्या तासात होईल. गटागटात इतका एकोपा आणि एकत्र आल्यावर तो इतका पडतो, हाच तुमच्या बैठकीचा खरा निकाल आहे. शिक्षक ज्या मोबाईलला पहिला नंबर देतात, त्याच मोबाईलवर एखाद्या घरी दहा बाय बाराच्या खोलीत, टीव्ही चालू असताना, कानाला इअरफोन लावून मुलगी धडा ऐकत असेल. मोबाईल आणि जागा ही दोन कारणं आहेत की एकच, हे शिक्षक आणि पालक समोरासमोर बसल्याशिवाय कळायचं नाही. पुढची बैठक या दोनच ओळींवर घ्या. बाकीच्या तिन्हीवर बोलायची गरज नाही.

एक अट मात्र माझी. प्रत्येक कारणापुढे दोन रकाने काढा. किती परिणाम होतो हा एक, आणि आपल्या हातात किती आहे हा दुसरा. १९६६ साली जेम्स कोलमन यांच्या गटानं अमेरिकेतल्या शाळांचा प्रचंड मोठा पाहणी अहवाल दिला, त्यात मुलांच्या गुणांतल्या फरकाशी शाळेच्या सोयींपेक्षा घरच्या परिस्थितीचा संबंध जास्त निघाला. आता घरची परिस्थिती ही काही माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून बदलायची गोष्ट नाही. पण शाळा सुटल्यावर दोन तास एक वर्ग उघडा ठेवणं, पंखा-दिवा आणि एका शिपायाचं मानधन, एवढं तुमच्या पैशात बसतं. पहिल्या रकान्यात पहिलं आणि दुसऱ्यात शेवटचं असं जे असेल, ते इतिवृत्तात जरूर लिहा, पैसे तिथे टाकू नका.

प्रश्न : मॅडम, मी शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करतेय. विषय आहे विद्यार्थ्यांच्या कामगिरीवर परिणाम करणाऱ्या घटकांचं प्राधान्य, एएचपी पद्धतीनं. पंधरा घटक आणि दहा तज्ज्ञ घेतलेत. सहा तज्ज्ञांचं सुसंगतता गुणोत्तर ०.१० च्या वर जातंय. कोणी म्हणतं आकडे थोडे ‘अ‍ॅडजस्ट’ कर, कोणी म्हणतं फजी एएचपी वापर, परीक्षकांवर छाप पडते. काय करू?
– संशोधक विद्यार्थिनी, कलिना

उत्तर : आधी इतर वाचकांसाठी दोन ओळी. एएचपी म्हणजे अ‍ॅनॅलिटिक हायरार्की प्रोसेस, ही थॉमस साटी यांची १९७० च्या दशकातली पद्धत. सगळ्या घटकांना एकदम क्रम न लावता दोन-दोन घटक समोर ठेवायचे आणि यातलं कोणतं महत्त्वाचं, किती पट, हे १ ते ९ मध्ये सांगायचं. त्यातून प्रत्येकाचं वजन निघतं. माणूस स्वतःशीच विसंगत बोलला तर तेही पकडलं जातं. हजेरी वाचनाच्या तिप्पट, वाचन मोबाईलच्या तिप्पट, आणि तरी मोबाईल हजेरीच्या दुप्पट असं कोणी म्हणालं, की गुणोत्तर भडकतं. साटींनी साधारण ०.१० ही मर्यादा ठेवली.

आता तुझ्याबद्दल. पंधरा घटक म्हणजे पंधरा गुणिले चौदा भागिले दोन, १०५ तुलना. तू दहा मोठ्या माणसांना प्रत्येकी १०५ प्रश्न विचारलेस आणि त्यातल्या चौघांनी शेवटपर्यंत भान ठेवलं, हेच मला विशेष वाटतं. चाळिसाव्या प्रश्नानंतर कोणीही ३ नाहीतर ५ वर खूण करत सुटतं. दोष तज्ज्ञांचा नाही, प्रश्नावलीचा आहे. पंधरा घटकांचे पाच गट कर, घर, शाळा, शिक्षक, मूल, सोबती असे काही, प्रत्येकात तीन. गटांच्या आपसातल्या तुलना १०, आणि प्रत्येक गटाच्या आतल्या ३, म्हणजे १५. एकूण २५. एएचपीतला ‘एच’ याच उतरंडीसाठी आहे, आणि तीच तू गाळलीस. गट पाडायचे नसतील तर जाफर रेझाई यांची २०१५ ची ‘बेस्ट-वर्स्ट’ पद्धत बघ. सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत बिनमहत्त्वाचा असे दोन निवडायचे आणि बाकीच्यांची तुलना फक्त त्या दोघांशी करायची. पंधरा घटकांना २७ तुलनांत काम भागतं.

आकडे ‘अ‍ॅडजस्ट’ करायचे नाहीत. दुसऱ्याच्या मताला आपण हात लावायचा नसतो. त्या सहा जणांना फोन कर, विसंगत पडलेली तीन-चार उत्तरं वाचून दाखव आणि ‘सर, पुन्हा बघता का?’ म्हण. बदलली तर बदलली. नाही बदलली तर तसं लिही आणि त्यांच्यासह आणि त्यांच्याशिवाय, असे दोन्ही निकाल दे.

फजीबद्दल माझं मत तिखट आहे. माणूस अंदाजानं ‘पाचपट’ म्हणाला, त्याचं तू ‘चार ते सहा’ केलंस आणि शेवटी दशांशचिन्हानंतर चार आकडे काढलेस. माहिती कुठे वाढली? खुद्द साटींनी २००७ मध्ये एका सहलेखकाबरोबर निबंध लिहून एएचपीतल्या आकड्यांना असं धूसर करणं निराधार ठरवलं होतं. तोंडी परीक्षेत हे वाक्य टाक, छाप पडेल.

दहा जणांची मतं एकत्र करताना भूमितीय मध्य घे, म्हणजे सगळ्या आकड्यांचा गुणाकार करून जितके आकडे तितकावं मूळ काढ, साधी सरासरी नको. एक म्हणाला हजेरी वाचनाच्या ९ पट, दुसरा म्हणाला एक नवमांश. साधी सरासरी ४.५६, म्हणजे हजेरी वरचढ. तीच तुलना उलटी मांडून वाचन हजेरीच्या किती पट विचारलंस, तरीही ४.५६, म्हणजे आता वाचन वरचढ! दोन्ही खरं असूच शकत नाही. भूमितीय मध्य दोन्हीकडून १ देतो. मात्र वर मुख्याध्यापिका बाईंना जे सांगितलं ते इथेही लागू. तो १ म्हणजे ‘दोन्ही घटक समान’ असं प्रबंधात लिहून मोकळी होऊ नकोस. दोन तज्ज्ञ एकमेकांच्या पार विरुद्ध उभे आहेत, असा त्याचा अर्थ आहे, आणि ते का हे विचारायला त्यांच्याकडे जाणं भाग आहे. त्यांना एकत्र आणता येत नसेल तर डेल्फी पद्धतीनं कर. नाव कोणाचं न सांगता इतरांची उत्तरं आणि त्यामागची कारणं प्रत्येकाला कळवायची आणि पुन्हा मत मागायचं, अशा दोन-तीन फेऱ्या. अमेरिकेतल्या रँड संस्थेत डाल्की आणि हेल्मर यांनी ती वापरली, तेव्हाचा प्रश्न अणुबॉम्ब किती लागतील असा होता. १९६३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आपला प्रश्न त्या मानानं निरुपद्रवी.

आणि तुझे दहा तज्ज्ञ कोण आहेत गं? पत्रात लिहिलेलं नाहीस. प्राचार्य आणि प्राध्यापकच असतील, तर शीर्षकात ‘प्राचार्य-प्राध्यापकांच्या मते’ हे शब्द घाल. तुझ्या हाती आलेली वजनं मतांची आहेत, परिणामांची नाहीत. परिणाम कसा मोजतात त्याचं उदाहरण याच शहरात आहे. ‘प्रथम’ संस्थेचा बालसखी उपक्रम २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत तपासला गेला. वस्तीतलीच तरुण मुलगी, रोज साधारण दोन तास, मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वर्गाबाहेर घेऊन बसायची आणि पायापासून शिकवायची. काही शाळांत ती तिसरीला, काहींत चौथीला दिली, आणि कुठे कोणती ते चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडलं, म्हणजे तुलना चोख. मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले, सर्वांत जास्त वाढले ते सर्वांत कच्च्यांचे. उपक्रम संपल्यावर वर्षभरात तो फायदा बराच ओसरलाही, हेही त्याच निबंधात आहे. बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडेन यांचा हा निबंध २००७ चा. तज्ज्ञांना प्रश्नावली दिली असती तर वस्तीतल्या एका मुलीला त्यांनी कितवा नंबर दिला असता, याचा विचार करून बघ आणि प्रबंधाच्या मर्यादांच्या प्रकरणात मांड.

प्रश्न : मी गोवंडीत राहतो, रिक्षा चालवतो. मुलगी महापालिकेच्या शाळेत सहावीत आहे. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. बैठकीला जातो, चहा होतो, सही करतो. मुलं का मागे पडतात यावर आम्हालाही बोलायचं असतं, पण समितीतल्या काही बायकांना लिहिता येत नाही. चिठ्ठ्या म्हटलं की त्या गप्प होतात. काय करावं?
– एक पालक, गोवंडी

उत्तर : भाऊ, पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही तिथे पाहुणे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण निम्म्या स्त्रिया हव्यात. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा या समितीनंच करायचा असतो. म्हणजे कोणती अडचण आधी सोडवायची, हे ठरवणं तुमचंच काम आहे.

चिठ्ठीऐवजी चिंचोके घ्या. पाच-सहा रिकामे डबे, झाकणाला भोक, आणि प्रत्येक डब्यावर अडचणीचं चित्र. चित्रं मुलांकडूनच काढून घ्या, रिकामं ताट, गळका वर्ग, मोबाईल, बंद दप्तर, जे ठरेल ते. प्रत्येकाला दहा चिंचोके. ज्याला जी अडचण जेवढी मोठी वाटते, तेवढे त्या डब्यात. दहाच्या दहा एकात टाकले तरी चालतील. डबे बाकांवर ओळीनं मांडा, मध्ये पडदा किंवा उघडलेलं कपाट असू द्या, आणि एकेकानंच जायचं. मुख्याध्यापकांनी शेवटी. शिक्षकांना चिंचोक्यांऐवजी राजमा द्या, म्हणजे मोजताना कोणाचं किती ते वेगळं कळेल आणि बोटही कोणाकडे जाणार नाही. क्रमापेक्षा यात जास्त कळतं. पहिल्या डब्यात साठ आणि दुसऱ्यात अठ्ठावन्न असतील तर पहिल्या-दुसऱ्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं.

मुलांचे डबे वेगळे ठेवा, पण ठेवाच. मी एका शाळेत सातवीच्या मुलींकडून अशीच कारणं घेतली होती. मोठ्यांच्या यादीत आळस, मोबाईल, लवकर लग्नाची चिंता असं बरंच काही होतं. एका मुलीच्या कागदावर एवढंच : ‘पाणी साडेसहाला येतं.’ सकाळचं अधिवेशन सातचं. नळाला पाणी आलं की हंडे भरायला घरात तीच. तिचा पहिला तास रोज बुडायचा, तो गणिताचा होता, आणि गणितात ती नापास होती. फळ्यावर वाचून दाखवल्यावर आणखी हात वर आले. वर्गशिक्षिकेनं गणिताचा तास तिसरा केला. पाण्याची वेळ बदलणं तिच्या हातात नव्हतं, वेळापत्रक होतं.

रिक्षाच्या वेळा सांभाळून तुम्हाला हे सगळं एका बैठकीत उरकायचं असेल, तर डबे आणि चित्रं आधीच तयार ठेवा. दीड तास पुरतो. आणि बैठकीची सूचना निघायच्या आत मुख्याध्यापकांना दोन ओळींचं पत्र देऊन हा विषय विषयपत्रिकेवर घालून घ्या, पोच घ्या. ऐनवेळच्या विषयांत गेला तर चहा येण्याआधीच गुंडाळतील.